डेंटल मॅथ्सची बॅच

दात काढायला गणित लागत नाही, ही गोष्ट माझ्या मुलीनं मला माझ्याच क्लासमध्ये, माझ्याच फळ्यासमोर उभं राहून सांगितली.

मी गणिताचे क्लास घेते. कोथरूडमध्ये, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरची एक खोली भाड्यानं घेऊन. आमच्या एका गल्लीत गणिताचे इतके क्लास आहेत, की एखादा मुलगा चुकून शेजारच्या क्लासात जाऊन बसला तरी त्याला ते परीक्षेपर्यंत कळत नाही. (त्याच्या पालकांना निकालानंतर कळतं. तेव्हा ते माझ्याकडे येतात.)

आम्ही मूळचे यवतमाळकडचे. लग्नानंतर पुण्यात आलो तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. इथं गणित चुकलं तर लोक समजून घेतात, पण ‘न’ आणि ‘ण’ची गल्लत झाली तर तुमच्याकडे मूल पाठवत नाहीत. म्हणून मी आधी भाषा सुधारली आणि मग क्लास काढला. आमच्या ह्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते भोसरीला एका कारखान्यात आहेत. मशीनला बोली कळत नाही, मग कायले सुधारायची, असं त्यांचं म्हणणं.

गार्गी आमची एकुलती एक. दहावीला गणितात पहिली आली तेव्हा मी तिचं पुढचं सगळं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. आधी इंजिनिअरिंग, मग एखादी मोठी कंपनी, आणि या दोन्हींच्या मध्ये कधीतरी वेळ काढून माझ्या क्लासच्या जाहिरातीसाठी एक फोटो. त्या दिवशी संध्याकाळची बॅच सुटली होती, मी फळा पुसत होते. ती आली आणि म्हणाली, “आई, अकरावीला मी बायो घेणारे. मॅथ्स सोडणारे. मला डेंटिस्ट व्हायचंय.”

मी विचारलं, का?

तिच्या दातांना दोन वर्षं तारा होत्या. त्या निमित्तानं ती ज्या डॉक्टरीणबाईंकडे जायची, त्यांच्या दवाखान्यात बसायला तिला आवडायचं, असं तिनं सांगितलं. तिथं माणसं गाल धरून, रडवेल्या तोंडानं येतात आणि तासाभरानं शांत होऊन जातात. डॉक्टरीणबाई एवढ्याशा जागेत केवढं बारीक काम करतात. मुळात गार्गीचा हात फार चांगला. लहानपणी ती गव्हाच्या दाण्याएवढे मातीचे उंदीर करायची, त्यांना मिशा असायच्या. हे सगळं ती नीट, शांतपणे सांगत होती, आणि शेवटी सहज म्हणाली, “आणि त्याला मॅथ्स लागतही नाही.”

मी तेवढं एकच वाक्य ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ही बातमी सोसायटीभर झाली. कशी झाली ते मला ठाऊक आहे, कारण क्लासच्या खोलीला लागूनच सानेकाकू राहतात. सानेकाकूंचं वय झालं आहे, गुडघे गेले आहेत, पण कान शाबूत आहेत. जिन्यापाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “गार्गीनं गणित सोडलं म्हणे? बरं झालं. घरात एकीला तरी सुटलं.”

पुढे पालकांचे फोन सुरू झाले. कुणी सरळ काही म्हणत नाही, हे या शहराचं वैशिष्ट्य. “सहज केला होता फोन. गार्गी काय घेतेय अकरावीला? अरे वा. बायो का? नाही, आपलं सहजच.” आणि पुढच्या आठवड्यात त्या सहजवाल्यांची मुलं शेजारच्या क्लासात. हलवायाच्या मुलीनं चारचौघांत गोड नको म्हणावं, तशी माझी अवस्था झाली.

मी ह्यांच्यापुढे रडले. हे तेव्हा भाकरीबरोबर ठेचा खात होते. म्हणाले, “तिले दातच त काढाचे हायेत. काढू दे न.”

यांच्याकडून मदत होणार नाही हे कळल्यावर मी त्या डॉक्टरीणबाईंकडेच गेले. दाढ दुखते असं खोटं सांगून खुर्चीत बसले आणि त्यांनी आरसा तोंडात घालायच्या आत विचारलं, की तुमच्या व्यवसायात गणित कुठे कुठे लागतं हो? माझी अपेक्षा होती की त्या म्हणतील, पावलोपावली. त्या जरा विचार करून म्हणाल्या, औषधाचं प्रमाण काढताना थोडंफार, बाकी बिलाला कॅल्क्युलेटर असतो. मग त्यांनी माझी दाढ ठोकून पाहिली आणि सांगितलं की ही अगदी उत्तम आहे, शेजारची मात्र किडली आहे. ती भरून घेऊन मी घरी आले.

अशा खचलेल्या स्थितीत मला सानेकाकूंनीच वर काढलं. पुढे त्यांनीच मला खड्ड्यात घातलं असं मी पुष्कळ दिवस म्हणत असे, पण खरं सांगायचं तर त्यांनी फक्त खड्डा दाखवला होता. उडी माझी.

झालं असं, की सानेकाकूंची नात अमेरिकेत असते. जन्मानं तिकडचीच. तिलाही दातांचं डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यासाठी ती कॉलेजात कॅल्क्युलस शिकत होती. सानेकाकूंनी हे मला एखाद्या आजाराची बातमी द्यावी तसं सांगितलं. “बघा बाई, दातांना आणि कॅल्क्युलस. पोर रडते हो फोनवर.”

मला मात्र गुदगुल्या झाल्या. मी घरी येऊन मोबाइलवर शोधलं. खरंच होतं! तिकडच्या काही डेंटल कॉलेजांना गणित लागतं. कुठे कॅल्क्युलस, कुठे संख्याशास्त्र. पुष्कळ कॉलेजांना यातलं काहीच लागत नाही, हेही त्याच पानावर लिहिलेलं होतं, पण ते खाली होतं आणि मी तिथपर्यंत गेले नाही.

गार्गीला समोर बसवून मी म्हटलं, की बायो घे, हवं ते घे, पण गणितही ठेव. उद्या तुला अमेरिकेला जावंसं वाटलं तर दार बंद नको. ती म्हणाली, “पण मला कुठे जायचंय अमेरिकेला?” मी म्हटलं, आज नाही, पण उद्या वाटलं तर? उद्या काय वाटेल याला कुणाजवळच उत्तर नसतं, म्हणून तर आईबापांचं फावतं. तिनं दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. गार्गी मुळात वाद घालणारी मुलगी नाही. घालणारी असती तर आम्ही दोघी आज बऱ्या असतो.

इथं मी थांबायला हवं होतं. पण फोन येत होते. पुन्हा कुणी सहज विचारलं तेव्हा मी म्हणाले, गार्गीनं गणित कुठे सोडलंय? तिला डेंटलला जायचंय आणि बाहेर जायचं तर डेंटलला गणित लागतं. मग त्या बाईंनी हळूच विचारलं, “म्हणजे आमच्या तन्वीलाही लागेल का हो? ती पण डेंटलचं म्हणतेय.”

मी ‘नाही’ म्हणू शकले असते. तोंडात शब्द आलाही होता. पण त्या महिन्यात क्लासमध्ये इतकी थोडी मुलं उरली होती, की हजेरी घेण्याऐवजी मी नुसती मान वर करून बघायचे. मी म्हणाले, “लागेल की. विचार करा.”

त्यांनी विचार केला. त्यांच्या बहिणीनं केला. बहिणीच्या मैत्रिणीनं केला. पंधरवड्यात माझ्याकडे मेडिकल-डेंटलची तयारी करणारी, गणित जन्मात पुन्हा बघायचं नाही अशी शपथ घेतलेली मुलं रांगेनं येऊन बसली. त्यांना बाकीच्या मुलांत मिसळता येईना, म्हणून त्यांची वेगळी बॅच काढावी लागली. तिला नाव काय द्यावं? खिडकीवरच्या पाटीवर मी लिहिलं, ‘डेंटल मॅथ्स’. हे वाचून सानेकाकू काठी टेकत मुद्दाम क्लासच्या दारात आल्या. म्हणाल्या, “वरच्या दातांची आणि खालच्या दातांची बॅच एकच का?”

मी मनावर घेतलं नाही. मी त्या बॅचला जीव तोडून शिकवलं. दातांची उदाहरणं बनवली. हिरडीच्या वळणाचा उतार काढा. किडीचा खड्डा अमुक वेगानं वाढत असेल तर त्याचं आकारमान किती. पालकांना हे फार आवडलं. एक गृहस्थ तर म्हणाले, की मॅडम, असा विषय जोडून शिकवणारं कुणी नाही हो आजकाल. पहिल्या बाकावर गार्गी बसायची. बसायची म्हणजे मी बसवायचे. मुलांनी कंटाळून मान टाकली की मी तिला उभं करून गणित सोडवायला लावायचे. ती सोडवायची. खडूनं स्वच्छ, बारीक अक्षरात, एकही खाडाखोड न करता. मग जागेवर येऊन खाली बघत बसायची. तिच्या बायोच्या वहीत पेशींची फार सुंदर चित्रं होती. ती मी तेव्हा पाहिलेली नव्हती.

रात्रीच्या जेवणाला हे एकदा म्हणाले, “पोरगी वाळून राहिली.” मी म्हटलं, या वयात सगळ्याच वाळतात.

बारावी सुरू झाली, आणि कर्वे रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये व्याख्यान असल्याची बातमी मला लागली. परदेशात दंतवैद्यक, प्रवेश विनामूल्य, वर चहा आणि बिस्किटं. वक्ते अमेरिकेत बरीच वर्षं दवाखाना चालवणारे, मूळचे पुण्याचेच एक डॉक्टर. मी हरखले. आपण जे शिकवतो त्याला आता थेट अमेरिकेतून दुजोरा मिळणार! मी बॅचमधल्या एकूण एक पालकांना फोन करून बोलावून घेतलं. एकालाही घरी राहू दिलं नाही. ज्यांना काम होतं त्यांना काम बाजूला ठेवायला लावलं. स्वतः गार्गीला घेऊन पहिल्या रांगेत बसले. मागच्या दोन रांगा आमच्याच.

डॉक्टर छान बोलले. तिकडच्या परीक्षा, तिकडचं काम, थंडी. मग म्हणाले, प्रश्न विचारा. माझा हात त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच वर होता. प्रश्न सगळ्यांना नीट ऐकू जावा म्हणून मी उभी राहिले, आणि मागे वळून आमच्या लोकांकडे एकदा पाहूनही घेतलं.

“सर, दंतवैद्यकाला अर्ज करताना गणिताची तयारी साधारण कुठल्या पातळीची असावी?”

डॉक्टरांनी विचारलं, “मुलगी इथंच बीडीएस करणार आहे ना?”

मी हो म्हटलं.

“मग किराणा आणता येईल इतकी.”

हॉल हसला. मीही हसले, कारण मला वाटलं हे प्रस्तावनेदाखल आहे. मी म्हटलं, तसं नव्हे, कॅल्क्युलस किती लागेल? तेव्हा त्या भल्या माणसानं हसणं थांबवलं आणि मला नीट समजावून सांगितलं. जी मुलं तिकडेच कॉलेज करतात आणि तिथून डेंटलला अर्ज करतात, त्यांच्याकडून काही कॉलेजं थोडंफार गणित मागतात, तेही सगळी नाहीत. इथून दंतवैद्य होऊन येणाऱ्याला तिकडे दातांबद्दल विचारतात. त्याच्या बारावीच्या गणिताबद्दल आजवर कुणी विचारल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. शेवटी त्यांनी काळजीनं विचारलं, “गणित लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी तोंड उघडलं. पण उत्तर मागच्या रांगेतून आलं. तन्वीचे वडील उभे राहिले होते. बँकेत अधिकारी आहेत, आवाज खणखणीत.

“ह्यांनीच सांगितलं,” ते म्हणाले. “आम्हाला.”

त्यानंतर हॉलमध्ये जे हसू उसळलं ते प्रस्तावनेदाखल नव्हतं. चहाच्या टेबलापाशी आमच्या दोन्ही रांगा मला भेटल्या. ओरडलं कुणीच नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एक बाई म्हणाल्या, की हिरडीचा उतार मात्र आमच्या रोहनला आता कायमचा पाठ झालाय. दुसऱ्या म्हणाल्या, तुमची शिकवण्याची तळमळ दिसते हो, आता नको तिथं दिसली त्याला काय करणार. तन्वीच्या वडिलांनी मला बिस्किटांची बशी दिली आणि म्हणाले, “घ्या मॅडम. यात गणित नाही.” ती बॅच त्याच दिवशी बंद झाली. मी सगळ्यांची फी परत केली. पाटी उतरवायला गेले तेव्हा सानेकाकू खिडकीतच होत्या. त्या काहीही बोलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच.

पण मला आठवतं ते यातलं काही नाही. हॉलमधून आम्ही दोघी गाडीवरून घरी निघालो होतो. गार्गी मागे बसली होती. नळस्टॉपच्या सिग्नलला तिनं माझ्या खांद्याजवळ वाकून विचारलं, “आई, मग आता सोडू का मॅथ्स?”

बारावीत विषय बदलता येत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. सोडू का म्हणजे तिला एवढंच विचारायचं होतं, की पास होण्यापुरतं करू का? बाकीचा वेळ बायोला देऊ का? मी हेल्मेटच्या आतून म्हणाले, “आता एवढं झालंय, तर पैकीच्या पैकी आणून दाखव त्यांना.”

‘त्यांना’ म्हणजे कुणाला, ते तिनं विचारलं नाही. सिग्नल सुटला.

गार्गीनं आणून दाखवले. बोर्डात गणितात ती आमच्या भागातल्या मुलींत सगळ्यांत पुढे. मी सोसायटीच्या फाटकावर तिचा भला मोठा फ्लेक्स लावला. फोटो, गुण, क्लासचं नाव, खाली माझा मोबाइल नंबर. आणि काही दिवसांनी मेडिकल-डेंटलच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे ‘नीट’चा, निकाल लागला. त्यात गणित नसतं. सरकारी डेंटलला लागतील इतके गुण तिला मिळाले नाहीत. थोडक्यात हुकले. बायोलॉजीत गेले. वनस्पतीशास्त्राचे जे धडे तिचे कच्चे राहिले होते, ते कुठल्या महिन्यात राहिले हे मला तारीखवार सांगता आलं असतं, कारण त्या महिन्यात मी तिच्याकडून इंटिग्रेशन करून घेत होते.

ती रडली नाही. पुन्हा परीक्षा देते म्हणाली, आणि रोज सकाळी वाचनालयात जायला लागली. जाताना-येताना त्या फाटकाखालून, स्वतःच्याच हसऱ्या फोटोखालून. लोक तिला थांबवून अभिनंदन करायचे आणि विचारायचे, मग आता कुठे ॲडमिशन? मला फ्लेक्स काढायचं सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण त्यावर नव्या बॅचसाठी फोन येत होते. शेवटी एका रविवारी ह्यांनी शिडी लावून तो उतरवला. मी विचारलं, हे काय? म्हणाले, “पाऊस येऊन राहिला. गाडीवर टाकाले कामी येईल.” आणि फोटोची बाजू आत करून त्यांनी तो स्कूटरवर पांघरला. आमच्या संसारात ह्यांनी मला दिलेली तेवढी एकच समज.

दुसऱ्या वर्षी गार्गीला लोणी काळभोरच्या पुढे एका खासगी कॉलेजात बीडीएसला जागा मिळाली. कोथरूडहून रोज जाऊन-येऊन करणारी मुलं आहेत. बस बदलावी लागते, पण करतात. गार्गीनं हॉस्टेल घेतलं. मी म्हटलं, घरून डबा नेता येईल. ती म्हणाली, “नको आई, अभ्यास होत नाही घरी.” आवाजात राग नव्हता. माझ्या क्लासच्या पालकांसारखी बोलली, सहज.

पहिली दोन वर्षं ती सणावारी येत होती. माझ्याशी बोलणं चांगलं होतं, म्हणजे जेवलीस का, हो, थंडी आहे का, हो. वडिलांशी मात्र तासन्‌तास बोलायची. मी खोलीत गेले की हे फोन माझ्या हातात देत, आणि तिला नेमकं तेव्हाच कुणीतरी बोलावत असे.

तिसऱ्या वर्षी मुलांना खरे पेशंट बघावे लागतात, आणि ते मिळवावेही त्यांनाच लागतात. गावातली माणसं दाखवायला येतात, पण गार्गीचा एक ठरलेला पेशंट ऐनवेळी फिरकला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मॅडम काम तपासणार होत्या. तिनं वडिलांना फोन केला. ह्यांची रजा शिल्लक नव्हती. म्हणून नाइलाजानं तिनं मला विचारलं, “आई, दात साफ करून घेशील का?”

मी सकाळच्या बॅचला सुट्टी दिली आणि इतक्या लवकर पोहोचले की शिपायानं अजून दार उघडलं नव्हतं.

गार्गी पांढऱ्या कोटात समोर आली. मास्क, हातमोजे. कॉलेजात पेशंटशी कसं बोलायचं याचे नियम असावेत, कारण ती मला म्हणाली, “या, बसा. तोंड उघडा. दुखलं तर डावा हात वर करा.” माझ्या पोटच्या पोरीनं मला ‘अहो-जाहो’ केलं आणि मी तिचं ऐकलं. तिनं आरशानं सगळे दात पाहिले. तेवढ्यात तिच्या मॅडम आल्या. चाळिशीच्या, हसऱ्या, गडबडीत असलेल्या. त्यांनी विचारलं, काय आहे? गार्गी म्हणाली, “मॅडम, पेशंटला कॅल्क्युलस फार आहे.”

मी खुर्चीत दचकले. मला वाटलं, माझी ओळख करून देते आहे.

मॅडमनी मला धीर दिला, की घाबरू नका, दातांवर जी किटणं साचून घट्ट होतात त्यांना आमच्यात कॅल्क्युलस म्हणतात. मग गार्गीला म्हणाल्या, “जुनं दिसतंय. सगळं काढून टाक.”

तिनं मन लावून काढलं. यंत्र घूं करत होतं, तोंडात पाण्याची नळी, डोळ्यांवर दिवा. पण हात इतका हलका की मला कळतही नव्हतं. मला त्या उंदरांच्या मिशा आठवल्या. डोळ्यांत पाणी आलं, तर मॅडमना वाटलं दुखतंय. माझं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून त्या बिचाऱ्या गप्पा मारायला लागल्या. म्हणाल्या, कॅल्क्युलसवरून आठवलं, आमच्याकडे मुलांमध्ये एक किस्सा फार चालतो. या गार्गीच्याच वर्गात एक तन्वी आहे, तिनं आणला. कोथरूडमध्ये म्हणे कुणी एक बाई होती, ती दातांच्या डॉक्टरांना कॅल्क्युलस लागतं म्हणून क्लास घ्यायची. आणि हे कॅल्क्युलस नाही हं, ते गणितातलं! हिरडीचा उतार काढायला लावायची पोरांना. मॅडम हसता हसता खुर्चीच्या पाठीला टेकल्या. शेजारच्या खुर्च्यांवरची मुलंही हसली. सगळ्यांना किस्सा पाठ होता. एकानं तर आकारमानाचं उदाहरण म्हणून दाखवलं. बरोबर होतं.

गार्गीचं यंत्र माझ्या तोंडात थांबलं. मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते. तन्वीनं बाईचं नाव आजवर कुणाला सांगितलेलं नाही हे त्या डोळ्यांत मला वाचता आलं, आणि का सांगितलेलं नाही तेही.

मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, “तुम्ही काय करता हो, ताई?”

माझ्या तोंडात नळी होती. मी नुसता ‘ग’ काढला.

“शिवणाचे क्लास घेते ती,” गार्गी घाईनं म्हणाली. “माझी आई आहे, मॅडम.”

मॅडमचा चेहरा उजळला. ब्लाउज शिवता का, असं त्यांनी मला विचारलं. मी गार्गीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. नळस्टॉपच्या त्या सिग्नलनंतर इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे मनापासून काही मागितलं नव्हतं. मी मान हलवली. जोरात हलवली, आणि यंत्र हिरडीला लागलं.

मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात गार्गीबरोबर कापड आणि मापाचा ब्लाउज पाठवला. मी तो आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शिवून घेतला. तो त्यांना इतका नेमका बसला, की आता त्यांच्या विभागातल्या आणखी दोघीजणींची कापडं येतात. ती न्यायला आणि आणायला गार्गीला दर रविवारी घरी यावं लागतं. आली की जेवते. परवा गळ्याचा आकार समजावून सांगताना माझ्याशी चक्क अर्धा तास बोलली. शेवटी म्हणाली, “आई, मॅडम म्हणत होत्या, तुझ्या आईला तिच्या विषयातलं खरंच कळतं हं.”

वीस वर्षं गणित शिकवून हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी शिंप्याला तसं सांगितलं. त्याला फार आनंद झाला.